दोन सह्या

मुळशी तालुक्यातल्या माणची ओळख बाहेरच्या माणसाला सहसा नसते. त्याला ठाऊक असते ती हिंजवडी. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा मोठा भाग माणच्या जमिनीवर आहे. इन्फोसिसच्या दुसऱ्या टप्प्यातल्या संकुलाच्या पत्त्यातही 'माण' हेच गाव लागतं. हजारो मुली रोज इथे संगणकापुढे बसायला येतात.

ही इन्फोसिस सुरू झाली 1981 साली, पुण्यातच. त्याआधीची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. 1974 मध्ये टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी तळटीप होती. बंगळुरूला अभियांत्रिकी शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी (पुढच्या सुधा मूर्ती) थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, पुण्यात मुलाखत झाली आणि त्या टेल्कोत अभियंता म्हणून लागल्या. गोष्टीचा उत्तरार्ध मात्र आपण भराभर सांगून मोकळे होतो. इन्फोसिस निघाली तेव्हा टेल्कोची नोकरी त्यांनीच सोडली, आणि नवरा-बायकोपैकी एकानेच कंपनीत असावं असं पती आणि सहसंस्थापक नारायण मूर्तींचं म्हणणं पडल्यावर बाहेर राहिल्या त्याही त्याच. सुधाताई हे हसत सांगतात. मला त्यात पोस्टकार्डापेक्षा जास्त काही दिसतं.

टेल्कोची पुढे टाटा मोटर्स झाली. तिच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी जुळवणाऱ्या लाइनवर सगळ्या स्त्रियाच आहेत. महर्षी कर्व्यांच्या संस्थेने 1991 मध्ये मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. शिक्षणाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. उरला तो वेळेचा.

1948 च्या कारखाना कायद्याने बाईला सकाळी सहाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर कामाला मनाई केली होती. महाराष्ट्राने 2015 मध्ये त्यात दुरुस्ती केली. आयटी कंपन्या येतात दुकाने व आस्थापना कायद्याखाली. 2017 च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम देता येतं; अट अशी की तिची संमती हवी आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची सोय हवी. ही सावधगिरी उगाच आलेली नाही. 2007 साली रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओतल्या तरुणीवर कंपनीने ठरवलेल्या कॅबच्याच चालकाने साथीदारासह अत्याचार करून तिचा खून केला होता. कॅबमध्ये पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी बाई नसावी, हा दंडक त्यानंतर जास्त कसोशीने पाळला जाऊ लागला.

संमतीपत्रावर सही तिची असते. पण त्याआधी घरी विचारणा होते: रात्री बाळाकडे कोण बघणार, सासूबाईंचं पथ्य कोण सांभाळणार, लोक काय म्हणतील. प्रसूतीची पगारी रजा 2017 मध्ये 12 आठवड्यांवरून 26 वर गेली, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. बापाला मात्र खासगी नोकरीत रजेचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे बाळ आईचंच, हे कायद्यानेही धरून चाललेलं.

घरच्यांच्या संमतीचं हे चित्र पार संयुक्त अरब अमिरातीतही फार वेगळं नाही. तिथे विद्यापीठात मुली पुढे आहेत, 2019 पासून फेडरल नॅशनल कौन्सिलच्या 40 पैकी 20 जागा स्त्रियांच्या आहेत. तरी अमिराती मुलीचा ओढा सरकारी नोकरीकडे, कारण वेळ ठरलेली आणि घरच्यांना पटणारी. 'पोरी, बँकेत नाहीतर शाळेत लाग' असं म्हणणाऱ्या आपल्या आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी सही माणच्या लेकींची. पार्कमुळे इथल्या एकराचे भाव कुठल्या कुठे गेले, आणि वाटण्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. महाराष्ट्राने 1994 मध्येच लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 2005 ला वडील हयात असोत वा नसोत, हक्क आहेच. तरीही सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागली की भाऊ हक्कसोडीचा विषय काढतात. माहेर तुटू नये म्हणून बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सहीला जाते. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना' असं दस्तात लिहिलेलं असतं. भावाला केलेल्या अशा दस्ताला सरकार मुद्रांक शुल्कही नाममात्रच घेतं.