मागे बघ, हॅन्डल हलवू नको

भिवंडीत कंटेनर न दिसणारा रस्ता शोधावाच लागतो. न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेला माल काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोलीच्या गोदामांत उतरतो आणि तिथून छोट्या टेम्पोंतून मुंबईभर जातो. मुंबईच्या जकातनाक्याबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत जागा स्वस्त, म्हणून ही गोदामं वाढली. जकात २०१७ साली गेली, गोदामं राहिली. सकाळची शाळा गाठायला पोरं सायकली काढतात ती याच रस्त्यांवर.

अंजूरफाट्याकडच्या एका शाळेच्या मैदानात मी सायकलचा वर्ग बघायला गेलो होतो. शिकवणारे सर आर.एस.पी.चे, म्हणजे शाळेतल्या रस्ता सुरक्षा दलाचे. गळ्यात शिट्टी, खिशात खडू. वाहतुकीचे नारिंगी कोन विकत कोण घेणार? त्यांनी लूमवरचे सुताचे रिकामे कोन पोतं भरून आणले होते. लूमांच्या भिवंडीत अशा कोनांना तोटा नाही.

आधी सायकलींची तपासणी. हवा, ब्रेक, चेन. सरांनी प्रत्येक चाक उचलून फिरवलं. कुणाची रिम आउट, कुणाचे आरे ढिले, आणि बऱ्याच सायकलींचा पुढचा ब्रेक चक्क सोडून ठेवलेला. "पुढचा दाबला की तोंडावर पडतो, असं पप्पा बोलले," एका मुलानं सांगितलं. ही समजूत घराघरांत आहे. खरं तर सायकल थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताना बराच भार पुढच्या चाकावर येतो. दोन्ही एकदम, पण हळूहळू दाबायचे. सरांनी खडूची रेघ मारली, प्रत्येकाला जोरात आणून रेघेवर ब्रेक लावायला सांगितला आणि टेपनं अंतर मोजलं. मग त्याच जागी बादलीभर पाणी ओतून पुन्हा. ओल्या रिमवर रबर धरेना, सायकली पुढं पुढं जात राहिल्या. पावसाळ्यात अंतर का ठेवायचं हे त्यानंतर सांगावंच लागलं नाही. ताशी १५ किलोमीटरनं चाललेली सायकल सेकंदाला चार मीटर जाते. 'ब्रेक लावू' असं मनात येईपर्यंतच तेवढी जागा संपलेली असते.

त्यानंतरचा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटला. मुलानं खडूच्या सरळ रेघेवरून सायकल चालवायची. सर मागं उभे राहून हात वर करतात. मुलानं उजव्या खांद्यावरून मान वळवून किती बोटं आहेत ते ओरडून सांगायचं आणि चाक रेघेवरून हलू द्यायचं नाही. दिसायला सोपं. पण मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हॅन्डल, आणि पोरगं हातभर उजवीकडं सरकतं. खऱ्या रस्त्यावर त्या हातभर जागेत टेम्पो असतो. "मागे बघ, हॅन्डल हलवू नको," सर सारखं बजावत होते. कुणाला मराठीत, कुणाला हिंदीत. दप्तर हॅन्डलला अडकवलेल्यांना हे जमेचना. दप्तर पाठीवर गेलं आणि जमलं. मुलींना ओढणी गाठ मारून कमरेला खोचायला लावली. चाकात ओढणी गेली की सायकल जागच्या जागी अडकते.

शेवटी दोरी. बारा मीटरची, म्हणजे चाळीस फुटी कंटेनरएवढी. एक मुलगा पुढं, एक मागं, दोरी ताणलेली. पुढचा डावीकडं वळला तसा मागचा ओढला जात कोपरा कापून आतून आला आणि तिथं उभी केलेली सायकल त्यानं सरळ पाडली. ट्रेलरची मागची चाकं नेमकी अशीच आत येतात. ड्रायव्हरला डाव्या दाराखालची सायकल दिसत नाही. 'ट्रेलर वळत असेल तर त्याच्या डावीकडून घुसायचं नाही' हा नियम आठवीतल्या पोरांनी त्या दोरीवरून स्वतःच काढला.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं तेव्हा शाळांत शपथ होते, चिन्हांचे तक्ते लागतात, चित्रं रंगवली जातात. त्याला माझा विरोध नाही, पण तक्ता पाठ असलेला मुलगा मागे बघता न आल्यामुळे मरू शकतो. देशात रस्त्यावर वर्षाला हजारो सायकलस्वार जीव गमावतात. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतच मुलांची खऱ्या रस्त्यावर सायकलची परीक्षा घेतात. इथं मैदानाबाहेर वर्ग नेण्याची सरांची हिंमत होत नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. कडेला खड्डे, त्यापुढं उभे टेम्पो; मुलाला डावीकडून जा म्हणायचं तर डावीकडं जागा हवी.

ती जागा शाळा देऊ शकत नाही. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास अवजड गाड्या फाटकाच्या आत थांबवणं गोदामवाल्यांच्या हातात आहे, आणि ते त्यांनी करावं. पालकांनी रविवारी मुलाच्या सायकलचा पुढचा ब्रेक जोडून घ्यावा. त्याच्या रबरांची जोडी दोन वडापावांच्या पैशांत येते.