पापलेट नाही, म्हणून मासळी नाही?

कोकणातल्या कुठल्याही गावच्या मासळीबाजारात सकाळी अर्धा तास उभं राहावं आणि गिऱ्हाइकं काय विचारतात ते नुसतं ऐकावं. ‘पापलेट आहे का?’ नाहीतर ‘सुरमई कशी दिली?’ दोन्ही नसली किंवा भाव ऐकून डोळे फिरले, की ‘आज काही मासळीच नाही बाई,’ म्हणत पिशवी रिकामीच घरी जाते. आणि त्याच वेळी समोरच्या पाटीत काय असतं? चांदीसारख्या झळकणाऱ्या तारल्या, हिरव्या-निळ्या पाठीचे बांगडे, सोनेरी मांदेली, करली, बोय, राणीमासा, माकूळ. पाटी भरलेली, आणि आपण म्हणतो मासळी नाही!

मी रत्नागिरीला राहते. घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मागच्या वर्षी सातवीच्या मुलांना सहज म्हटलं, माहीत असतील तेवढ्या माशांची नावं लिहा. कोळीवाड्यातल्या मुलांनी पान भरलं. बाकीच्यांची गाडी पापलेट, सुरमई, कोळंबीपाशी अडली. दोघांनी ‘बासा’ लिहिलं. बासा हा मुळात व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा मासा. आता आपल्याकडेही आंध्रच्या तळ्यांतून त्याच्या जातीचे मासे वाढवतात आणि बिनकाट्याचे पांढरे तुकडे होऊन ते शहरातल्या दुकानांत येतात. समुद्र खिडकीतून दिसणाऱ्या गावात मुलांना मेकाँगचा मासा ठाऊक आणि दारातली तारली ठाऊक नाही, याला काय म्हणावं?

ज्याची त्याची जीभ

तुम्ही म्हणाल, आवडीनिवडी असायच्याच. खरं आहे. पण ही आवड येते कुठून, हे बघण्यासारखं आहे.

आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राहायला आलं. त्या वहिनींना आपल्या समुद्राच्या मासळीचा उग्र वास यायचा. त्यांचा जीव तळ्यातल्या रोहू-कटल्यात आणि इलिशमध्ये. मला रोहूला चिखलाची चव लागते! पण एकदा माझ्याकडे बोंबील बघून त्या आनंदानं ओरडल्या, ‘अगं, हे तर आमचे लोटे!’ आपण ज्याला अगदी मुंबईचा मानतो, तो बोंबील बंगालच्या किनाऱ्यावरही मिळतो आणि तिथे तो मसालेदार परतून खातात. त्यांचा इलिशही सगळ्यांचाच. सिंधी लोक त्याला पल्लो म्हणतात आणि त्यांचे झुलेलाल त्याच्यावरच बसलेले दाखवतात. गोदावरीच्या मुखाशी आंध्रात तोच ‘पुलसा’ होऊन सोन्याच्या भावानं विकला जातो.

आपल्या तारलीचं बघा. केरळात ती ‘मत्ती’ किंवा ‘चाळा’. तिथे गरिबाच्या ताटात ती रोजची आणि श्रीमंतालाही तिचं वावडं नाही. आपल्या किनाऱ्यावर मात्र पूर्वी तारली फार आली, की माडांच्या बुंध्याशी खत म्हणून घालत. मासा तोच, समुद्र तोच. एकीकडे पक्वान्न, दुसरीकडे खत!

आता तर राज्याराज्यांनी आपापला मासा ठरवला आहे. केरळानं करीमीन, तर महाराष्ट्रानं २०२३ साली पापलेट. त्याच वर्षी गुजरातनं घोळ निवडला. गंमत अशी, की गुजरात समुद्रातून मासळी काढण्यात देशात आघाडीवर, पण तिथली कितीतरी घरं मासळीला शिवत नाहीत. तिथली मासळी जाते परराज्यात आणि परदेशात. म्हणजे जवळ पिकतं म्हणून माणूस खातोच असं नाही. आईनं लहानपणी जे भरवलं, पाहुण्यांपुढे जे मांडायची रीत पडली, तेच जिभेवर बसतं. आणि सवयीनं बसलेली चव सवयीनं बदलतेही.

एकाच माशाच्या मागे

पापलेट चांगला मासा आहे, यात वाद नाही. काटे कमी, चव सौम्य, ताटात दिसायला देखणा. पण सगळ्यांना एकच मासा हवा झाला, की काय होतं? मोठं पापलेट मिळेनासं झालं, की लहान पकडलं जातं. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटं वाट्यानं विकायला मांडलेली तुम्हीही पाहिली असतील. ती मासळी नव्हे, पिल्लं आहेत. एकदाही अंडी न घालता ती जाळ्यात आली. पालघरजवळचं सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेलं बंदर. तिथले मच्छीमार कितीतरी वर्षं हेच सांगत आले आहेत. राज्य सरकारनं २०२३ मध्ये पन्नासहून जास्त जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटला ते साडेतेरा सेंटीमीटर आहे, सुरमईला सदतीस. त्याहून लहान मासा मारू नये असा नियम. पण विकत घेणारी आपणच असलो, तर नियम एकटा काय करणार?

एकाच माशाच्या हव्यासाचा शेवट कसा होतो, याचं उदाहरण जगापुढे आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड मासा शतकानुशतकं अमाप मिळत असे. मोठमोठ्या जहाजांनी तो इतका उपसला, की १९९२ साली सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. हजारो कुटुंबांची रोजीरोटी गेली. ती बंदी पुरती उठायला २०२४ साल उजाडलं. समुद्राला दिलेला दगा असा पिढ्यांनी फेडावा लागतो.

आता कोणी म्हणेल, तारलीवर सगळे तुटून पडले तर तिचंही तेच होईल. शंका रास्त आहे. तारलीचं प्रमाण समुद्राच्या लहरीवर फार अवलंबून असतं. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती, ती २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांवरही पोचली नाही. म्हणूनच माझं म्हणणं ‘पापलेट सोडा, तारली धरा’ असं नाही. समुद्र आज जे देतो ते घ्या, उद्या दुसरं देईल ते घ्या, एवढंच.

आपलं ते जातं कुठे?

आपण नाकारलेली मासळी फुकट जात नाही. माकूळ आपल्याकडे घरात क्वचित शिजतो, पण बर्फात घालून तो स्पेन-इटलीला जातो आणि तिथे आवडीनं खातात. राणीमाशाचं मांस धुऊन, कुटून त्याचा लगदा करतात आणि तो परदेशी पाठवतात. जपानी लोक अशा लगद्याच्या वड्या करतात. तारलीचा तर मोठा भाग सुकवून, दळून कोळंबीच्या शेतीचं आणि कोंबड्यांचं खाद्य होतो. म्हणजे स्वस्त मासा महाग कोळंबीला घालायचा आणि मग ती कोळंबी आपण महागानं आणायची! घरखर्चाचा हिशोब ठेवणाऱ्या कुठल्याही बाईला हा व्यवहार पटणार नाही.

असं करणाऱ्या आपण एकट्या नाही. इंग्रज लोक चहूबाजूंनी समुद्रात, पण खातात कॉड, हॅडॉक, सामन, ट्यूना आणि कोळंबी. त्यांतलं पुष्कळसं बाहेरून येतं. त्यांच्या स्वतःच्या किनाऱ्यावरचे खेकडे, शेवंडं आणि बांगड्याचे भाऊबंद फ्रान्स, स्पेनकडे रवाना होतात. फरक इतकाच, की आपल्या स्वयंपाकघरात या माशांच्या पाककृती अजून जिवंत आहेत. सासूबाईंना, आजेसासूबाईंना विचारलं तर सापडतील. आणखी वीस वर्षांनी विचारायलाही कोणी नसेल.

‘पण काटे? पण वास?’

या दोन तक्रारी नेहमीच्या. त्यांना उत्तरं आहेत.

काट्यांसाठी: मुलांना सुरुवात मोठ्या बांगड्यानं करून द्या. मधला काटा अख्खा निघतो, बाजूचे बोटांनी चाचपून काढता येतात. मांदेली कुरकुरीत तळली, की काट्यासकट खाता येते. तारली भरपूर आमसुलं आणि बेताचं पाणी घालून कुकरमध्ये मंद आंचेवर पाऊण तास ठेवली, तर काटे मऊ पडतात. या काट्यांतून कॅल्शियम मिळतं. तारली-बांगड्यात जे तेल असतं, त्यात डॉक्टर हल्ली सांगतात ती ओमेगा-३ स्निग्ध द्रव्यंही भरपूर असतात.

वासासाठी: ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, घाण येत नाही. डोळे चमकदार, कल्ले लालभडक, आणि बोटानं दाबलं तर खळगा पडू नये, अशी पारख करून घ्या. तारली-बांगडा लवकर बिघडतो, म्हणून दुपारी उशिरा घेऊ नका आणि घरी आणल्याबरोबर साफ करा. हळद-मीठ चोळा, आगळ लावा. हाताचा वास लिंबाच्या सालानं जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तळण्यापेक्षा झाकण ठेवून शिजवण्याचे प्रकार करावेत.

आणि पाहुणे? बांगड्याची उडदमेथी किंवा भरलेले ओले बोंबील पानात वाढून बघा. पापलेट कोणी मागत नाही!

पावसाळ्याचंही भान हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत बाजारात दिसणारं पापलेट बहुधा बर्फातलं किंवा दुरून आलेलं. आपल्या वाडवडिलांनी त्यासाठीच सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवले. नारळीपौर्णिमेपर्यंत धीर धरण्यात शहाणपण होतं.

तारलीचा तिखला

साहित्य: मध्यम तारल्या १२, बेडगी मिरच्या ८ ते १०, तिरफळं ८, आमसुलं ६, हळद १ चमचा, मीठ, खोबरेल तेल २ चमचे.

कृती: तारल्यांचे खवले, डोकी व पोटातली घाण काढून स्वच्छ धुवाव्यात. हळद-मीठ लावून ठेवाव्यात. मिरच्या गरम पाण्यात भिजवून बारीक वाटाव्यात. तिरफळांच्या बिया काढून टाकून साली जरा ठेचाव्यात. पसरट भांड्यात तारल्या मांडून वाटण, तिरफळं, आमसुलं व अर्धी वाटी पाणी घालावं. झाकण ठेवून मंद आंचेवर दहा-बारा मिनिटं शिजवावं. डाव घालू नये, मासे मोडतात. भांडंच दोन्ही हातांनी धरून हलवावं. उतरवताना वरून कच्चं खोबरेल सोडावं. तांदळाच्या भाकरीबरोबर हा तिखला दुसऱ्या दिवशी अधिकच लागतो. मात्र रात्री तो फ्रीजमध्ये ठेवावा.

मैत्रिणींनो, यात पापलेटशी वैर नाही. सणासुदीला, हंगामात, चांगलं मोठं मिळालं तर जरूर आणा. पण रोजच्या बाजारात प्रश्न बदलून बघा. ‘पापलेट आहे का?’ असं विचारलंत, तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर मिळेल. ‘मावशी, आज ताजं काय आलंय?’ असं विचारा. मावशी पाटीवरचं फडकं बाजूला सारेल आणि तो मासा कसा करायचा, तेही सांगेल.