जुनी सायकल आणि घाटाचा चढ

घाटांत जुनी शर्यतीची सायकल अडते, तो दोष बहुधा गुडघ्यांचा नसून दात्यांचा असतो. पुढील लहान चक्रास ४२ व मागील सर्वांत मोठ्या चक्रास २३ दाते असल्यास पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ३.८ मीटर जाते. मागें २८ दात्यांचें चक्र बसविल्यास ती ३.२ मीटरच जाते. पायांवरील भार सुमारें १८ टक्के घटतो, फेरे मात्र वाढतात. साखळी सरकविणाऱ्या डिरेलरला २८ दाते झेपतात कीं नाहीं, हें आधीं पाहावें. साखळीही लांब घ्यावी. आंखूड साखळी दोन्ही मोठ्या चक्रांवर चढतांच ताणून डिरेलर मोडते. टूर द फ्रान्स शर्यतींतही डिरेलरला १९३७ सालींच मुभा मिळाली. तोंवर त्यांत कमीपणा मानीत. घाट चढावयाचा असेल त्यानें हा अभिमान पायथ्याशींच ठेवावा.