शिट्टी बाईंच्या हाती

‘प्रशिक्षक बाईच कशाला? गुणवत्ता बघा,’ म्हणणाऱ्यांनी गुणवत्तेचाच हिशेब तपासावा. १९९७ ते २०२५ दरम्यान फुटबॉलची महिला युरो स्पर्धा आठ वेळा झाली. आठही विजेत्या संघांच्या प्रशिक्षक महिला होत्या. तरी २०२३च्या महिला विश्वचषकात ३२ संघांपैकी १२ संघांकडेच महिला मुख्य प्रशिक्षक. म्हणजे घोडं अडतं ते कुवतीपाशी नव्हे, संधीपाशी. ‘पुरुष ऐकतील का?’ फ्रान्समध्ये कोरिन दियाक्र यांनी २०१४पासून तीन हंगाम क्लेरमाँचा पुरुष संघ सांभाळला.

आपल्याकडेही गोव्याच्या मेमोल रॉकी २०१७मध्ये भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तर गडहिंग्लजकडच्या अंजू तुरंबेकरांनी दिल्लीतल्या द्वारकेत मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ग्रासरूट विभाग सांभाळला. तेव्हा दिल्लीच्याच मुनिरक्यातल्या फुटबॉलवेड्या पोरींना बुटांसोबत कोचिंग लायसन्सची वाटही दाखवा.