करवत सुरू होत नाही, तेव्हा दोष बहुधा टाकीत असतो

पहिल्या वादळी पावसात रस्त्यावर फणस आडवा पडतो, माड कौलांवर कलतो आणि कोठीत ठेवलेली पेट्रोलवर चालणारी चेनसॉ बाहेर काढली जाते. नेमकी त्याच वेळी ती सुरू होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा राज्यात असंख्य झाडे उन्मळून पडली, विजेच्या तारा तुटल्या आणि अनेक वाटा बंद झाल्या. अशा दिवशी अग्निशामक दलाचे जवान सर्वत्र एकाच वेळी पोहोचू शकत नाहीत. गावातील एखादी चालू करवत रुग्णवाहिकेची वाट मोकळी करू शकते. बंद करवत मात्र चार माणसांचा वेळ खाते आणि दोरी ओढून ओढून थकलेल्या हातांना अपघाताच्या जवळ नेते.

अशी करवत बिघडली आहे असे समजून ती थेट दुरुस्तीला नेण्याची घाई बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात बराच काळ वापराविना पडून असलेल्या यंत्राचा मूळ दोष बहुधा शिळ्या इंधनाचा असतो. तपासणी सोप्या गोष्टींकडून अवघड गोष्टींकडे नेली, तर बराचसा उलगडा घरच्या घरी होतो.

इंधन आधी पाहावे

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्याला वेगळे इंजिन ऑइल घातले जात नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. अनेक यंत्रांसाठी हे प्रमाण ५०:१ असते, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. काही यंत्रांना २५:१ प्रमाण, म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर लागते. आपल्या यंत्राचे प्रमाण त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. साखळीला लागणारे तेल निराळे आणि त्याची टाकीही निराळी असते. घाईत एकाचे झाकण समजून दुसरे उघडले जाते आणि साखळीचे तेल इंधनाच्या टाकीत जाते. तसे झाल्यास टाकी पूर्ण रिकामी करून ताज्या मिश्रणाने खंगाळावी लागते.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि गोव्याच्या दमट हवेत ओलाव्याला तोटा नाही. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. करवतीची नळी इंधन तळातूनच ओढते. त्यामुळे इंजिनापर्यंत जे पोहोचते, त्यात ना पेटण्याची ताकद असते, ना पुरेसे वंगण. थोडे इंधन काचेच्या बाटलीत ओतून पाहावे. खाली वेगळा थर दिसला, मिश्रण गढूळ वाटले किंवा त्याला आंबूस वास आला, तर ते टाकीतून काढून टाकावे. मिश्रण महिनाभरात संपेल एवढेच बनवावे.

सुरू करण्याची रीत

इंधन ताजे असूनही यंत्र बोलत नसेल, तर दोष कित्येकदा रीतीत असतो. बटण बंदच्या खुणेवर राहिलेले असणे ही अगदी साधी, पण वारंवार घडणारी चूक आहे. रबरी प्रायमर असल्यास त्यात इंधन दिसेपर्यंत तो दाबावा. थंड इंजिनासाठी चोक पूर्ण लावून दोरी ओढावी. इंजिन एकदा ‘फट्’ असा आवाज करून थांबते. तो पेट घेतल्याचा इशारा असतो. त्यानंतर चोक अर्धा करून पुन्हा ओढावे. हा पहिला आवाज लक्षात आला नाही आणि पूर्ण चोकवरच ओढणे चालू राहिले, तर इंजिनात इंधन तुंबते. मग कितीही जोर लावला तरी उपयोग होत नाही.

यंत्र जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पंजा घालून आणि पुढची मूठ डाव्या हाताने घट्ट धरूनच दोरी ओढावी. साखळीचा ब्रेक लावलेला असावा आणि साखळी कशालाही टेकलेली नसावी. यंत्र हवेत धरून झटक्याने सुरू करणे टाळावे.

स्पार्क प्लग काय सांगतो

आठ-दहा वेळा ओढूनही इंजिन सुरू झाले नाही, तर थांबावे आणि स्पार्क प्लग काढून पाहावा. दोषाची दिशा येथेच कळते.

प्लग ओला असेल, तर इंधन पोहोचत आहे. पण एकतर ते तुंबले आहे किंवा ठिणगी पडत नाही. बटण बंद करून, चोक काढून, प्लगचे भोक माणसांपासून दूर वळवून दोरी सहा-सात वेळा ओढावी, म्हणजे साचलेले इंधन बाहेर पडते. या वेळी जवळ विडी, चूल वा कोणतीही ठिणगी नसावी. प्लग पुसून व वाळवून परत बसवावा आणि चोक न लावता प्रयत्न करावा. प्लग काजळलेला असेल किंवा त्याचे टोक झिजलेले असेल, तर दुरुस्तीच्या खटाटोपापेक्षा त्याच क्रमांकाचा नवा प्लग घालणे शहाणपणाचे. त्याच्या टोकांमधील अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असते. नव्या प्लगनेही फरक पडला नाही, तर प्लगची टोपी, वायर किंवा कॉइल यांत दोष असू शकतो. ते काम मेकॅनिकचे.

प्लग कोरडा असेल, तर इंधन पोहोचतच नाही. टाकीतील नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो. वाकवलेल्या तारेने तो बाहेर ओढून पाहावा आणि काळवंडला असल्यास बदलावा. रबरी नळी जुनी होऊन तडकते आणि इंधनाऐवजी हवा ओढते. टाकीच्या हवा घेणाऱ्या छिद्रात कचरा अडकला, तरी इंधन पुढे सरकत नाही. झाकण किंचित सैल करताच यंत्र सुरू झाले, तर दोष तेथेच आहे. हे सारे ठीक असूनही प्लग कोरडाच राहिला, तर कार्ब्युरेटरमधील पडदा कडक झालेला असण्याची शक्यता मोठी असते.

हवा आणि धूर

लाकडाचा बारीक भुसा एअर फिल्टरवर साचून हवा रोखतो. बऱ्याच यंत्रांचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुता येतो, पण तो पूर्ण वाळल्याखेरीज बसवू नये. धूर जाण्याच्या वाटेवरील बारीक जाळी काजळीने बंद झाली, तरी इंजिन एकदा पेटून लगेच विझते. आणि दोरी ओढताना नेहमीचा अडथळाच जाणवत नसेल, ती अगदी हलकी येत असेल, तर इंजिनातील दाब गेला आहे. अशा वेळी आणखी ओढत न बसता यंत्र कारागिराकडे न्यावे.

पावसाळ्याआधीची तयारी

काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इंधन सुकून चिकट होत नाही. मे महिन्याच्या मध्यास नवे मिश्रण बनवून करवत एकदा सुरू करून पाहावी. त्या वेळी दोष निघाला, तर प्लग किंवा फिल्टर बाजारातून आणायला वेळ असतो. झाड पडलेल्या दिवशी तो नसतो. आणि करवत चालू झाली, तरी पडलेल्या झाडात विजेची तार गुंतलेली असेल, तर वीज खात्याने प्रवाह बंद केल्याची खात्री होईपर्यंत फांदीला हात लावू नये.