मराठीतील स्वरपरिवर्तनाच्या संज्ञा : व्याकरण आणि इतिहास यांतील भेद

प्रस्तावना

मराठीच्या ऐतिहासिक भाषाविज्ञानात स्वरपरिवर्तनाच्या संज्ञा प्रामुख्याने तीन स्रोतांतून आल्या आहेत. गुण, वृद्धी, संप्रसारण, स्वरभक्ती या संज्ञा संस्कृत व्याकरण व प्रातिशाख्ये यांतील होत. ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयक फ्रेंच ग्रंथाच्या (१९२०) वा. गो. परांजपेकृत अनुवादासारख्या (१९४१) ग्रंथांतून युरोपीय संकल्पना मराठीत आल्या. अपश्रुती, अभिश्रुती या संज्ञा सुनीतिकुमार चटर्जी यांनी बंगालीत रूढ केल्या व पुढे हिंदीने स्वीकारल्या. वर्धा जिल्ह्यात मराठी व हिंदी यांचे अध्ययन शेजारी शेजारी चालते. त्यामुळे एकच संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाण्याचा संभव येथे अधिक आहे. हे अर्थ वेगळे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गुण आणि अपश्रुती

'विद्'पासून 'वेद' होतो तो गुण, 'कृ'पासून 'कार्य' होते ती वृद्धी. पाणिनीय व्याकरणात ही रूपसिद्धीची प्रक्रिया आहे. तिला काळाचे परिमाण नाही. तौलनिक भाषाविज्ञानाने हा क्रम उलट मानला. त्यानुसार गुणयुक्त रूप मूळचे असून आघात दुसरीकडे गेल्याने दुर्बल रूप निर्माण झाले. या स्वरश्रेणीला अपश्रुती म्हणतात. इंग्रजीतील 'सिंग–सँग' हे तिचे परिचित उदाहरण. 'फुट–फीट' मधील बदल मात्र पुढील अक्षरातील, आता लोपलेल्या, इ-सदृश ध्वनीच्या प्रभावाने झाला. ती अभिश्रुती होय.

आता 'मृत्तिका–माती' आणि 'पृष्ठ–पाठ' ही उदाहरणे पाहू. येथे 'ऋ'च्या जागी 'अ'-वर्गीय स्वर दिसतो म्हणून यास गुण म्हणण्याचा मोह होतो. परंतु 'ऋ'चा गुण 'अर्' होतो. प्राकृत काळात 'ऋ' हा स्वरच नाहीसा झाला व त्याची जागा अ, इ किंवा उ यांनी घेतली. मराठीत 'माती', 'पाठ', तर हिंदीत 'मिट्टी', 'पीठ' हा भेद त्यातूनच आला. यास 'ऋकाराचा स्वरादेश' म्हणणे अधिक निर्दोष ठरेल.

संप्रसारण आणि संकोच

'वच्–उक्त', 'यज्–इष्ट' येथे अर्धस्वराचा स्वर होतो, हे संप्रसारण. 'लवण–लोण' आणि 'कदली–कयली–केळी' यांत अनुक्रमे अव>ओ व अय>ए असा बदल आहे. 'अव'चा 'अउ' होण्याच्या पायरीस फार तर संप्रसारण म्हणता येईल. संपूर्ण प्रक्रियेस 'स्वरसंकोच' हेच नाव योग्य.

या भेदाची कसोटी आपल्या जिल्ह्यातील बोलीत घेता येते. 'विस्तव'चे 'इस्तो' होते. यातील अंत्य 'ओ' हा संकोचाचा परिणाम आहे. आद्य 'इ' मात्र संप्रसारणाने आलेली नाही. 'व'चे संप्रसारण 'उ' झाले असते. येथे 'इ'पूर्वी 'व' लोपला आहे, जसा तो 'विहीर–इहीर' मध्ये लोपतो. एकाच शब्दात दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. एका संज्ञेने दोन्हींचा निर्देश केल्यास बोलीचा नियम हाती लागत नाही.

आगम, लोप आणि दीर्घीभवन

'धर्म–धरम', 'रत्न–रतन' यांस स्वरभक्ती म्हणतात. प्रातिशाख्यांत ही संज्ञा मुख्यतः रेफानंतरच्या स्वरांशासाठी होती. आधुनिक वापरात तिचा अर्थविस्तार झाला आहे. 'अरण्य–रान', 'अरघट्ट–रहाट' ही आदिस्वरलोपाची उदाहरणे होत. 'इक्षु–उच्छु–ऊस' यात पुढील 'उ'मुळे आद्य 'इ' बदलली; ही स्वरसंगती.

'हस्त–हत्थ–हात' येथे जोडव्यंजन सुटे होताना पूर्वस्वर दीर्घ झाला. हे पूरक दीर्घीभवन. 'जिह्वा–जिब्भा–जीभ' यातही तेच घडले. 'जीभ–जिभेला', 'फूल–फुलाला' हा ह्रस्व-दीर्घ पालट मात्र आजच्या रूपव्यवस्थेतील आहे. त्याचे मूळ इतिहासात असले तरी त्यास 'परिवर्तन' न म्हणता 'स्वरपालट' म्हणावे.

निष्कर्ष

संज्ञा संस्कृत असावी की नवी, हा प्रश्न दुय्यम आहे. प्रत्येक उदाहरणासोबत मूळ रूप, मधली पायरी आणि बदलाची परिस्थिती नोंदविली, तर संज्ञेची योग्यता तपासता येते. बोलीच्या क्षेत्राभ्यासात ही शिस्त विशेष आवश्यक आहे. कारण चुकीची संज्ञा योजल्यास 'इस्तो' हे रूप केवळ अशुद्ध उच्चार ठरते, योग्य संज्ञा योजल्यास ते नियमबद्ध इतिहासाचा पुरावा ठरते.