आधी सेंटिमीटर, मग सीसी

(लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात आपण १९६२ सालच्या ह्यूस्टनमध्ये होतो. टिमी जीन लिंडसे ही बाई गोंदण काढून घ्यायला म्हणून इस्पितळात गेली आणि सिलिकॉनचं स्तन-इम्प्लांट बसवून घेणारी जगातली पहिली स्त्री ठरली. आज कंपनीचा कॅटलॉग उघडला की शंभरेक सीसीपासून आठशेपर्यंत रांग लागलेली असते, आणि त्यातही कमी उंचीचं, मध्यम, जास्त उंचीचं असे प्रकार. यातलं आपलं कोणतं, हा या आठवड्याचा विषय.

सल्ल्याला येणारी बाई बहुधा कपाच्या भाषेत बोलते. ‘डॉक्टर, मला सी कप हवाय.’ इम्प्लांट मात्र सीसीत मिळतं, आणि कप हे मापच मुळात बेभरवशाचं. ३४ बी आणि ३२ सी या दोन ब्रांचा कप जवळजवळ सारखाच भरतो, कारण पट्टा बदलला की अक्षरही सरकतं. त्यात एका कंपनीची सी दुसऱ्या कंपनीत बी निघते, हे दुकानात ट्रायल घेणाऱ्या बायकांना सांगायला नको. दीडशे-दोनशे सीसी म्हणजे एक कप, असा एक हिशेब तोंडोतोंडी फिरतो, अंदाजापुरता ठीक. पण ‘अमुक कप करून देतो’ अशी छातीठोक हमी देणाऱ्या सर्जनपासून जरा जपूनच असावं. तीच गत मैत्रिणीच्या आकड्याची. तिला ३०० शोभलं, कारण तिची छाती तिची आहे.

सर्जन टेप घेतो तो स्तनाच्या तळाची रुंदी मोजायला: आतल्या कडेपासून काखेकडच्या कडेपर्यंत. समजा ती १२ सेंटिमीटर भरली. मग इम्प्लांटचा तळ साधारण तेवढाच किंवा किंचित कमी हवा. तळ ठरला की ते पुढे किती यायचं ते ठरतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. त्याच १२ सेंटिमीटरच्या तळावर चपटं इम्प्लांट सव्वादोनशे सीसीच्या आसपास येतं, तर उंच प्रोफाइलचं सव्वातीनशेच्याही वर जातं. म्हणजे सीसी हा या हिशेबाचा शेवट आहे, आपण मात्र त्यापासून सुरुवात करतो. रुंदीपेक्षा मोठा तळ हट्टाने बसवला तर इम्प्लांट काखेत शिरतं आणि हात खाली सोडला की टोचत राहतं, नाहीतर मधे दोन्ही बाजू एकमेकींना येऊन भिडतात. नंतर हे दुरुस्त करणं फार किचकट.

मग चिमटा. स्तनाच्या वरच्या भागात त्वचा आणि खालची चरबी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजतात. ती दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर इम्प्लांटची कड वरून दिसू नये म्हणून ते निदान वरच्या भागात तरी स्नायूखाली घेण्याकडे कल असतो. त्वचा पुढे ओढून ती किती ताणते तेही बघतात, आणि स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं अंतरही. डॅलसचे टेबेट्स आणि अ‍ॅडम्स यांनी २००५ मध्ये ‘पाच मापं, पाच मिनिटं’ अशी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच. पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण तेवढीही न देता कॅटलॉगवर बोट ठेवणारे भेटतात.

आता आरसा. क्लिनिकमध्ये ब्राच्या आत ठेवून बघायचे नमुने असतात, त्यांना साइझर म्हणतात. घरीही करता येतं: मापाच्या भांड्याने ३०० मिली तांदूळ मोजून पातळ मोज्यात भरायचे, गाठ मारायची, जरा सैल स्पोर्ट्स ब्रामध्ये ठेवायचे आणि दिवसभर वावरायचं. जिना चढा, कुशीवर पडून बघा, ऑफिसचा तोच कुर्ता घालून बघा. ‘बरं दिसतं’ आणि ‘माझंच वाटतं’ यातला फरक संध्याकाळपर्यंत कळतो. मात्र वरून ठेवलेलं जितकं मोठं दिसतं तितकं आत गेल्यावर दिसत नाही, विशेषतः स्नायूखाली. ती वजावट किती धरायची ते सर्जनलाच विचारा.

‘पैसे तेवढेच, मग मोठंच टाका ना’ हेही ऐकू येतं, कधी पेशंटकडून, कधी सोबत आलेल्या नवऱ्याकडून. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तसा हा विचार. इथे मात्र अंग वाढत नाही, त्वचा तेवढी पातळ होत जाते. ४०० सीसीचं इम्प्लांट म्हणजे ढोबळमानाने एका बाजूला ४०० ग्रॅम. ते ओझं त्वचेने वर्षानुवर्षं पेलायचं. पातळ त्वचेखाली सुरकुत्या दिसू लागतात, इम्प्लांट खाली घसरतं. बाळाचं दूध सुटल्यावर स्तन ओघळले असतील तर मोठं इम्प्लांट घालून ते उचलले जातील, हीही भाबडी आशा. त्यासाठी त्वचा कमी करणारी निराळी शस्त्रक्रिया असते.

दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेली बाई विरळाच. फरक जास्त असेल तर दोन बाजूंना वेगवेगळी मापं घेतात. तो फरक आधीच्या फोटोत सर्जनकडून दाखवून घ्यावा. कॅन्सरसाठी स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेत हिशेब बराच बदलतो, त्याला स्वतंत्र लेखांक देणार आहे.

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे सूज असते, इम्प्लांट वर चढल्यासारखं दिसतं. खरा आकार समजायला तीनेक महिने जातात, तोवर साइझवरून वाद घालू नये. आणि इम्प्लांट जन्मभराचं नसतं. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ पासून त्यावर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला आहे आणि पेशंटला शस्त्रक्रियेआधी एक तपासयादी वाचून सही करायला लावली आहे. ती यादी आपल्याकडच्या बाईनेही वाचावी.

शेवटची गोष्ट ऑपरेशन थिएटरमधली. बरेच सर्जन दोन-तीन मापं जवळ ठेवतात, आत तात्पुरता साइझर घालून टेबलाचं डोकं उचलतात आणि पेशंटला बसती करून दोन्ही बाजू न्याहाळतात. अंतिम निवड पुष्कळदा तिथे होते, तुम्ही भुलीखाली असताना. म्हणून ‘२७५ ते ३२५, आणि शंका आली तर लहान’ असं जे काही ठरलं असेल ते संमतिपत्रावर लिहून घ्या.

चीर कुठे घ्यायची, ते पुढच्या आठवड्यात.